जागल्या झोपता कामा नये

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरजवळच्या गोरेवाडा येथील वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. त्यांचे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारी २०२५ च्या प्रारंभीच निदान हाती आले. हा ‘एच५एन१’ विषाणू होता, म्हणजेच बर्ड फ्लू. कोंबड्यांचा म्हणून ओळखला जाणारा हा रोग जंगलाच्या राजापर्यंत पोहोचला होता. त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात झाडांखाली कावळे मरून पडू लागले. त्यांचे नमुनेही भोपाळला गेले आणि उत्तर तेच आले. पितृपक्षात पिंडाला शिवण्याची ज्याची घरोघर वाट पाहिली जाते, दारात ओरडला तर पाहुणा येणार असे जो सांगतो, तो कावळा या वेळी निराळाच निरोप घेऊन आला होता. हा निरोप वाचणारा कोणी जागेवर आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

जुन्या गावगाड्यात जागल्या नावाची एक असामी असे. गाव झोपलेले असताना जागे राहणे, वेशीपाशी अनोळखी सावली दिसली की हाळी देणे, एवढेच त्याचे काम. चोराशी लढण्याइतके बळ त्याच्या एकट्याच्या अंगी नसे आणि तशी अपेक्षाही नसे. त्याने वेळेवर हाळी द्यावी, उरलेले काम गाव करील, अशी ती व्यवस्था होती. साथीच्या रोगांच्या बाबतीत राष्ट्राला नेमक्या अशाच जागल्याची गरज असते. आधुनिक शास्त्राने या व्यवस्थेला रोगसर्वेक्षण असे भारदस्त नाव दिले आहे. पण आजाऱ्यांची शिरगणती म्हणजे सर्वेक्षण नव्हे. कोणत्या गावात, कोणत्या आठवड्यात, नेहमीपेक्षा वेगळे काय घडते आहे, याची माहिती सातत्याने गोळा करणे, तिचा अर्थ लावणे आणि जो कृती करू शकतो त्याच्या हाती ती वेळेत पोहोचविणे, या तिन्ही पायऱ्या मिळून सर्वेक्षण होते. यांतील एक जरी निखळली तरी उरते ती केवळ कागदांची भेंडोळी.

माणसाला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी सुमारे साठ टक्के रोगांचे मूळ प्राण्यांमध्ये आहे, असे जागतिक संस्था सांगतात. रेबीज, लेप्टोस्पायरोसिस, ब्रुसेलोसिस, काळपुळी, माकडताप, निपाह अशी ही यादी लांबत जाते. अनेकदा माणूस आजारी पडतो तो अखेरीस. त्यापूर्वी गोठ्यात, खुराड्यात, रानात किंवा धान्याच्या कोठारात मृत्यूची पावले उमटून गेलेली असतात. ज्याला ती ओळखता येतात, त्याला काही दिवसांची सवड मिळते. साथीच्या रोगात ही सवड म्हणजेच माणसांचे प्राण.

महाराष्ट्राला हा धडा शिकण्यासाठी परदेशी ग्रंथ उघडण्याची आवश्यकता नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने प्लेगचे निदान केले. धान्याच्या वखारींच्या त्या परिसरात उंदीर मरत होते. पण उंदीर, पिसू आणि माणूस यांची साखळी शास्त्राला अजून उलगडली नव्हती. प्लेग पिसवांवाटे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने कराचीत १८९८ मध्ये दाखविले आणि शास्त्रज्ञांच्या जगाला ते पटायला आणखी काही वर्षे लागली. खेड्यापाड्यांतील बायाबापड्यांनी मात्र अनुभवाने खूण गाठ बांधली होती. घरात उंदीर पडला की चंबूगबाळे आवरायचे आणि गावाबाहेर शेतात झोपडी घालून राहायचे, हा शिरस्ता पुढे कित्येक वर्षे महाराष्ट्राने पाळला. प्रयोगशाळा नव्हती, सूक्ष्मदर्शक नव्हता, पण सर्वेक्षण होते. पडलेला उंदीर ही पहिली खूण, आणि तिच्यावर तत्काळ कृती.

त्याच साथीने दुसरा धडाही दिला आणि तो अधिक कटू होता. १८९७ चा साथरोग कायदा हाती घेऊन इंग्रज सरकारने पुण्यात जे केले, तेही रोग शोधण्याच्या नावाखालीच. प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्या अमलाखाली गोरे शिपाई घराघरांत शिरले, देवघरे बाटविली गेली, स्त्रियांची अप्रतिष्ठा झाली. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. ज्या मोहिमेने रोग उजेडात आणायचा, तिच्याच धाकाने तो अंधारात गेला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्यांमागे हा संताप होता. लोकमान्य टिळकांनी या जुलमावर कठोर टीका केली, पण रोगाकडे पाठ फिरविली नाही. ते पुण्यातच राहिले आणि प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. जुलमाला विरोध आणि शास्त्राला सहकार्य या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे त्यांनी कृतीने दाखविले. ज्या समाजाचा विश्वास नाही, त्या समाजात सर्वेक्षण होऊ शकत नाही. आजच्या प्रशासकांनीही हे सूत्र भिंतीवर लिहून ठेवावे.

पुढे प्लेग ओसरला आणि शासनही सैलावले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात पडकी, सोडून दिलेली घरे आणि त्यांत राहिलेले धान्य यांवर उंदीर पोसले गेले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि पाठोपाठ गाठीचे रुग्ण दिसू लागले. आजोबांच्या पिढीला जी खूण एका दिवसात कळली असती, तिचा अर्थ लावण्यात स्वतंत्र भारताच्या यंत्रणेचे आठवडे गेले. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. देशभरात मृत्यू पन्नासच्या वर काही मोजके, पण विमाने थांबली, निर्यात अडली, जगाने भारताकडे संशयाने पाहिले आणि व्यापाराची अपरिमित हानी झाली. त्याहून लाजिरवाणे म्हणजे हा प्लेग आहे की नाही, यावर तज्ज्ञांत कित्येक महिने वाद चालला. रोगाने जेवढे मारले नाही, तेवढे अज्ञानाने बदनाम केले.

सुरतेच्या या चपराकीनंतरच देशाला जाग आली, हे मान्य करावे लागेल. प्रथम संसर्गजन्य रोगांच्या सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. उपकेंद्रातील आरोग्यसेविका केवळ लक्षणे नोंदविते, म्हणजे ताप, अतिसार, कावीळ, खोकला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी संशयित निदान नोंदवितो. प्रयोगशाळा पक्के निदान नोंदविते. तीन निरनिराळ्या तक्त्यांतून ही माहिती आठवड्याला जिल्ह्याकडे जाऊ लागली. २००८ पासून वृत्तपत्रांतील व वाहिन्यांवरील बातम्या चाळून त्यांची शहानिशा करणारा कक्षही दिल्लीत उभा राहिला, कारण पुष्कळदा शासकीय तक्त्याआधी गावच्या वार्ताहराला साथ कळलेली असते. एप्रिल २०२१ पासून ही सारी नोंद एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर संगणकाद्वारे होऊ लागली. लक्षणांची नोंद लवकर मिळते, पण ती ढोबळ असते. प्रयोगशाळेची नोंद अचूक, पण उशिरा येते. दोन्हींची सांगड घालणे हेच या शास्त्रातील कौशल्य आहे.

परंतु हा जागल्या एका डोळ्याने जागा होता. माणसांच्या आजाराकडे त्याचे लक्ष होते, पण गोठ्याकडे आणि रानाकडे पाहणारा डोळा निराळ्या खात्याच्या चेहऱ्यावर होता. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. तेथील शेडमध्ये त्याआधीच हजारो कोंबड्या मरून पडल्या होत्या. ही नेहमीची राणीखेत असावी, अशी व्यावसायिकांची समजूत होती. ती सर्वस्वी अज्ञानाची म्हणता येणार नाही, कारण दोन्ही रोगांत कोंबड्या झपाट्याने मरतात आणि वरवर पाहता फरक कळत नाही. फरक प्रयोगशाळाच सांगू शकते, आणि तेथवर नमुना पोहोचेपर्यंत विषाणू वाट पाहत बसत नाही. काही लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि आदिवासीबहुल नवापूर तालुक्याचा भरभराटीला आलेला व्यवसाय झोपला. त्या वेळी माणसाला लागण झाली नाही, हे सुदैव. पुढे जुलै २०२१ मध्ये हरियाणातील एका बालकाचा दिल्लीत याच रोगाने मृत्यू झाला, तेव्हा ते सुदैव कायमचे नसते हे देशाला कळले.

वेळेवर हाळी आणि चुकलेली हाळी यांतील अंतर किती असते, याचे उदाहरण निपाहने दिले आहे. २००१ मध्ये पश्चिम बंगालमधील सिलिगुडीत एक अनामिक ताप आला. रुग्णालयातच तो पसरला, चाळीसहून अधिक लोक दगावले आणि कारण कळले नाही. ते निपाह होते, हे जतन केलेल्या नमुन्यांवरून काही वर्षांनी सिद्ध झाले. २०१८ मध्ये केरळमधील कोळिकोड परिसरात एकाच घरातील दुसरा माणूस तशाच लक्षणांनी आजारी पडताच तेथील डॉक्टरांना शंका आली. त्यांनी तत्परतेने नमुने पाठविले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने निदान पक्के केले. १७ बळी गेले, ते दुःख मोठेच. पण संपर्कातील माणसे शोधून साथ काही आठवड्यांत आवरली गेली. विषाणू तोच होता आणि औषध दोन्ही वेळी नव्हते. फरक होता तो शंका घेणाऱ्या एका जागरूक मनाचा आणि तिचे उत्तर देऊ शकणाऱ्या प्रयोगशाळेचा.

कोकणातील माकडतापाची कथाही याहून वेगळी नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर अरण्यात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या संशोधकांनी तेथे जाऊन गोचिडीवाटे पसरणारा नवा विषाणू शोधून काढला. तोच रोग २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात प्रकटला. काजूच्या बागेत बी वेचायला जाणारी स्त्री, सरपणासाठी रानात जाणारा मजूर, गुरे चारणारा पोर ही त्याची पहिली भक्ष्ये. रानात मेलेले माकड हा तेथे धोक्याचा घंटानाद आहे. पण मेलेले माकड वन खात्याचे, गोचीड पशुसंवर्धनाची आणि तापलेला माणूस आरोग्य खात्याचा, अशी वाटणी झाली की घंटा तीन ठिकाणी वाजते आणि कोणालाच पुरती ऐकू येत नाही.

देशाला हे काम जमतच नाही, असा निराशेचा सूर मात्र अनाठायी ठरेल. पोलिओचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २००९ मध्ये जगातील जवळपास निम्मे पोलिओ रुग्ण भारतात होते. १३ जानेवारी २०११ नंतर देशात निसर्गजन्य पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. याचे श्रेय डोस पाजणाऱ्यांना जेवढे, तेवढेच शोधणाऱ्यांना आहे. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला की कारण काहीही असो, त्याच्या शौचाचे दोन नमुने तपासायचे, हा दंडक होता. पोलिओ नसतानाही असे लुळेपण दर लाख मुलांमागे किमान एक-दोन मुलांत आढळतेच. ज्या जिल्ह्यातून तेवढीही नोंद येत नसे, तो जिल्हा निरोगी नव्हे तर झोपलेला समजला जाई. ‘आमच्याकडे काही नाही’ असे म्हणण्याचा अधिकार ज्याने खरोखर शोध घेतला त्यालाच असतो. प्रत्येक तालुक्याच्या अधिकाऱ्याने स्मरणात ठेवावे, असे हे तत्त्व आहे.

प्राण्यांच्या बाबतीत असाच पराक्रम बुळकांडीविरुद्ध झाला. शतकानुशतके शेतकऱ्याचा गोठा रिता करणाऱ्या या रोगाच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेली प्रयोगशाळा पुढे मुक्तेश्वरला गेली आणि तिचीच आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. स्वातंत्र्योत्तर काळात लसीकरणाने रोग मागे हटला. १९९५ मध्ये शेवटची लागण झाली. त्यानंतरची परीक्षा अधिक कठीण होती. लस टोचणे थांबवून गावोगाव रोग शोधत राहायचे आणि तो नाहीच, हे जगाला पटवायचे. पशुवैद्यकांनी ते केले. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये हा रोग पृथ्वीवरूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. आज तरुण शेतकऱ्याला बुळकांडी हा शब्दही ठाऊक नाही, एवढा तो विजय संपूर्ण आहे. त्या विजयासाठी धूळभरल्या रस्त्यांवरून फिरलेल्या पशुधन पर्यवेक्षकांचे पुतळे कोठे उभारले गेले नाहीत.

मग अडते कोठे? पहिली अडचण भयाची आहे. कोंबडीपालकाने रोग कळविला की एक किलोमीटरच्या परिघातील साऱ्या कोंबड्या नष्ट होतात आणि दहा किलोमीटरपर्यंत निर्बंध येतात. भरपाई मिळते ती शासनाने मारलेल्या पक्ष्यांची, रोगाने आधीच मेलेल्यांची नव्हे. त्यामुळे लवकर कळविणाऱ्याचा लाभ व्हावा, असा नियमाचा हेतू आहे. परंतु भरपाई हाती पडायला विलंब झाला आणि शेजारी ‘याच्यामुळे आपण बुडालो’ म्हणू लागले, तर पुढच्या वेळी हाळी कोण देईल? २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्याने पशुमालकावर आणि ग्रामपंचायतीवरही रोगाची वर्दी देण्याचे बंधन घातले आहे. पण नुसत्या बंधनाने जीभ सैल होत नाही. जो कळवितो त्याला संरक्षण, सन्मान आणि वेळेत पैसा मिळाला, तरच कायद्याला पाय फुटतात. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीने जळगावपासून सुरुवात करून राज्यभरातील गोवंशाला ग्रासले, बैलबाजार बंद झाले आणि डोळ्यांदेखत लेकरासारखा वाढविलेला बैल अंगभर गाठींनी तडफडताना शेतकऱ्याने पाहिला. ज्या गावात पहिल्या दोन-चार जनावरांची खबर तातडीने दवाखान्यात गेली, तेथे विलगीकरण आणि लसीकरण वेळेत होऊ शकले. गोठ्याचे रक्षण गोठ्यातच सुरू होते. गोमातेचा जयजयकार करणाऱ्या समाजाने तिच्या अंगावरची पहिली गाठ ओळखण्याचे शिक्षणही घेतले पाहिजे.

दुसरी अडचण खातेनिहाय भिंतींची. ती दूर करण्यासाठी ‘वन हेल्थ’, म्हणजे मानव, प्राणी आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकच, ही भूमिका देशाने स्वीकारली आहे. त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात झाली, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे. चराचरात एकच चैतन्य पाहणाऱ्या परंपरेला ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नाही. पण तत्त्वज्ञान पोथीत आणि व्यवहार पंचनाम्यात, अशी फारकत राहिली तर अभिमान कोरडा ठरेल. नागपुरातील भव्य वास्तूइतकीच, किंबहुना अधिक, गरज आहे ती तालुक्याच्या गावी आठवड्यातून एकदा वैद्यकीय अधिकारी, पशुवैद्यक आणि वनक्षेत्रपाल यांनी एका टेबलाभोवती बसण्याची. या आठवड्यात ताप कोणत्या वाडीत, गर्भपात कोणत्या गोठ्यात, मेलेले माकड कोणत्या रानात, एवढे तीन प्रश्न त्यांनी एकमेकांना विचारले तरी पुष्कळ साधेल. याला ना मोठा निधी लागतो ना नवी वास्तू. लागते ती फक्त इच्छा.

तिसरी गोष्ट शासनाची नव्हे, समाजाची आहे. मार्च २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, अशी अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली आणि महाराष्ट्रातील कित्येक कुक्कुटपालक रस्त्यावर आले. त्या निराधार संदेशाला पुढे ढकलणाऱ्यांत सुशिक्षित मध्यमवर्गीय घरेही होती, हे विसरता येणार नाही. खोटी हाळी देणारा जागल्या झोपलेल्या जागल्याइतकाच घातक असतो. संदेश पुढे पाठविण्यापूर्वी आरोग्य केंद्राला किंवा पशुवैद्यकाला एक दूरध्वनी करणे हे आजच्या काळातील नागरिकधर्माचे अंग आहे. मात्र शंकेपोटी प्रामाणिकपणे दिलेली आणि पुढे चुकीची ठरलेली वर्दी म्हणजे अफवा नव्हे. दहा वेळा उंदीर साधा निघाला म्हणून अकराव्या वेळी सांगणाऱ्याला हसणारे गाव स्वतःचेच कान बंद करीत असते.

भूकंप असो वा महापूर, संकटानंतर धावून जाणारे हजारो कार्यकर्ते या भूमीत आहेत आणि त्यांच्या सेवेला तोड नाही. परंतु संकटापूर्वी जागे राहणे ही अधिक नीरस, अधिक चिकाटीची सेवा आहे. तिला छायाचित्र नाही, सत्कार नाही, आणि ती यशस्वी झाली तर काही घडतच नाही. गावातील शाखा, भजनी मंडळ, महिला बचत गट, दूध संस्था यांनी मनावर घेतले तर आशा कार्यकर्ती, पोलीस पाटील आणि गुराखी यांची एक साखळी सहज बांधता येईल. एक साधी वही पुरे. कोणत्या दिवशी कोणाची किती जनावरे दगावली, कोठे पक्षी मेलेले दिसले, कोणत्या वस्तीत एकाच आठवड्यात तिघे तापले, एवढे लिहायचे आणि त्याच दिवशी संबंधितांना कळवायचे. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे, तो प्रत्येक गोठ्याच्या दारावर लिहिलेला असावा. मेलेल्या पक्ष्याला वा माकडाला उघड्या हाताने स्पर्श करू नये, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असावे.

उदगीरच्या कावळ्यांनी आपले काम केले. मरून का होईना, निरोप दिला. नवापूरच्या कोंबड्यांनी, दोडामार्गच्या माकडांनी, मामल्याच्या उंदरांनीही तो दिला होता. सृष्टी हाळी देण्यात कधी कसूर करीत नाही. ती हाळी ऐकून गाव उठवायचे की कूस बदलून पुन्हा झोपायचे, याचा निर्णय मात्र माणसालाच घ्यावा लागतो. ज्या राष्ट्राचे गोठे, राने आणि वाड्यावस्त्या जाग्या आहेत, त्याच्या वेशीवरूनच साथ परत फिरते.